कंत्राटदार व उपकंत्राटदार यांची विक्रीकरविषयक प्रमाणपत्रे

बांधकामाच्या एकाच कंत्राटात वापरलेल्या मालावर मुख्य कंत्राटदार व उपकंत्राटदार या दोघांकडून दोनदा कर घेतला जाऊ नये, म्हणून एकाने कर भरल्याचे दर्शविणारी व त्या आधारे दुसऱ्यास दायित्वातून मुक्त करणारी लेखी प्रमाणपत्रे. त्यांना करमाफीची प्रमाणपत्रे म्हणणे काटेकोरपणे बरोबर नाही. त्यांत कर माफ होत नसून तो एकदा भरला गेल्याचा पुरावा असतो.

पूर्वपीठिका : अमरावती जिल्ह्यातील धामणगाव रेल्वे ही कापसाची बाजारपेठ पूर्वी मध्य प्रांत व वऱ्हाडात मोडत असे. त्या प्रांताच्या १९४७ च्या विक्रीकर अधिनियमाने इमारती, रस्ते, पूल इत्यादींच्या कंत्राटात वापरलेला मालही विक्रीच्या कक्षेत आणला होता. वऱ्हाड १९५६ मध्ये मुंबई राज्यात समाविष्ट झाल्यानंतरही १९५९ अखेरपर्यंत तेथे हाच अधिनियम लागू होता. तथापि १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गॅनन डंकर्ली खटल्यात असा निर्णय दिला, की बांधकामाचे कंत्राट अविभाज्य असते. मालक इमारतीचा करार करतो, विटा-सिमेंटच्या खरेदीचा नव्हे. म्हणून अशा मालावर राज्यांना विक्रीकर बसविता येत नाही. त्याच वर्षी पंडित बनारसी दास खटल्यात हेच तत्त्व मध्य प्रांत व वऱ्हाडच्या अधिनियमास लावण्यात आले.

राज्यघटनेच्या ४६ व्या दुरुस्तीने (१९८२) ही स्थिती पालटली. अनुच्छेद ३६६ (२९-क) अन्वये कंत्राटाच्या अंमलबजावणीत होणारे मालाच्या मालकीचे हस्तांतरण ही विक्री मानण्यात आली. महाराष्ट्रात यासाठी १९८९ चा स्वतंत्र अधिनियम होता. १ एप्रिल २००५ पासून त्याची जागा महाराष्ट्र मूल्यवर्धित कर अधिनियम, २००२ याने घेतली. कर केवळ मालावर असल्याने मजुरी व सेवा यांचे मूल्य वजा करावे लागे. हिशेबावरून ते निश्चित होत नसेल, तर इमारती, रस्ते, पूल यांसारख्या स्थापत्यकामांसाठी नियमांनी ३० टक्के वजावट ठरवून दिली होती.

उपकंत्राटाचा प्रश्न : उपकंत्राटदाराने लावलेला माल बांधकामात मिसळताच तो थेट मालकाचा होतो, मधल्या कंत्राटदाराकडे त्याची मालकी येत नाही. म्हणून विक्री एकच होते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये आंध्र प्रदेश राज्य विरुद्ध लार्सन अँड टुब्रो या खटल्यात स्पष्ट केले. महाराष्ट्राच्या २००२ च्या अधिनियमातील कलम ४५ नुसार दोघेही संयुक्तपणे व पृथकपणे जबाबदार असत; परंतु एकाने कर भरल्याचे सिद्ध केल्यास दुसरा मुक्त होई. हे सिद्ध करण्याचे साधन म्हणजे परस्परांना द्यावयाचे प्रमाणपत्र.

उदाहरणार्थ, जिनिंग-प्रेसिंग कारखान्याच्या इमारतीचे कंत्राट २० लाख रुपयांचे असून त्यातील लोखंडी कैच्या व पत्र्यांचे ६ लाखांचे काम नोंदणीकृत उपकंत्राटदारास दिले, असे समजू. बांधकामासाठीच्या ५ टक्के आपसमेळ योजनेत मुख्य कंत्राटदारास १४ लाखांवर ७० हजार व उपकंत्राटदारास ३० हजार, असा एकूण १ लाख रुपये कर येई. वजावट नाकारली गेल्यास हाच कर १ लाख ३० हजार होई. हा जादा बोजा बहुधा दोघांपैकी दुर्बळ पक्षावर पडे. मुख्य कंत्राटदार प्रमाणपत्र हाती येईपर्यंत देयकातील रक्कम अडवून ठेवू शके. त्यामुळे लहान उपकंत्राटदाराच्या दृष्टीने या कागदाचे मोल कामाच्या मोबदल्याइतकेच असे.

याहून निराळे प्रमाणपत्र म्हणजे उद्‌गम करकपातीचे. शासकीय खाती, कंपन्या इ. काम देणारे नोंदणीकृत कंत्राटदाराच्या देयकातून २ टक्के कर कापून घेत व तसे प्रमाणपत्र देत. त्यावरून कंत्राटदारास ती रक्कम आपल्या करातून वळती करता येई.

अन्य देशांतील पद्धती : अमेरिकेतील अनेक राज्यांत कंत्राटदारासच मालाचा अंतिम ग्राहक मानून खरेदीच्या वेळी कर घेतात, मात्र करमुक्त संस्थांच्या कामासाठी काही राज्यांत सूट-प्रमाणपत्र चालते. ब्रिटनमध्ये १ मार्च २०२१ पासून बांधकाम क्षेत्रातील बऱ्याच व्यवहारांत मूल्यवर्धित कराचा भरणा उपकंत्राटदाराऐवजी त्याची सेवा घेणारा कंत्राटदार करतो.

वस्तू व सेवा करानंतर : १ जुलै २०१७ पासून स्थावर मालमत्तेसंबंधीचे असे कंत्राट ही सेवा मानली जाते व कर पूर्ण मूल्यावर लागतो. उपकंत्राटदार बिलात कर लावतो आणि मुख्य कंत्राटदार त्याची वजावट घेतो. त्यामुळे जुन्या प्रमाणपत्रांचे महत्त्व पूर्वीच्या कालावधीच्या वादांपुरतेच उरले. पुराव्याचा प्रश्न मात्र संपलेला नाही. उपकंत्राटदाराने कर शासनाकडे भरला नाही, तर मुख्य कंत्राटदाराची वजावट धोक्यात येते. पूर्वी जो भरवसा स्वाक्षरीच्या कागदावर होता, तो आता उपकंत्राटदाराच्या विवरणपत्रावर ठेवावा लागतो.