‘पाहिजे’ आणि ‘मस्ट’ : अनुवादातील एक अडचण

नवी दिल्ली रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेस पसरलेल्या पहाडगंजात नूतन मराठी विद्यालय आहे, बृहन्महाराष्ट्र भवनही आहे. घरी मराठी, बाजारात हिंदी आणि कचेरीत इंग्रजी, अशा तीन भाषांत वावरणाऱ्या कुटुंबांच्या तोंडी ‘त्याला घरी असायला पाहिजे’ असे वाक्य सहज येऊन जाते. व्याकरणाच्या दृष्टीने ते अगदीच त्याज्य आहे असे नव्हे. महाराष्ट्रातही ते ऐकू येते. परंतु हिंदीतील ‘उसे घर पर होना चाहिए’ ह्या प्रयोगाची छाया त्यावर पडली की मराठीचा एक सूक्ष्म विवेक हरवतो. आणि तो विवेक अनुवादकाला फार मोलाचा आहे.

इंग्रजी ‘मस्ट’ ह्या साहाय्यक क्रियापदाचे दोन व्यापार आहेत. एक कर्तव्य सांगण्याचा, दुसरा अनुमान करण्याचा. ‘ही मस्ट बी ॲट होम’ ह्या वाक्यात आज्ञा आहे की तर्क, हे इंग्रजी शब्द सांगत नाहीत, संदर्भ सांगतो. मराठीत मात्र ‘त्याने घरी असले पाहिजे’ हे कर्तव्य, आणि ‘तो घरी असला पाहिजे’ हा तर्क. एके ठिकाणी कर्त्याला तृतीया लागून क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनात स्थिरावले. दुसऱ्या ठिकाणी कर्ता प्रथमेत राहिला व क्रियापद त्याच्या लिंगवचनाप्रमाणे चालले. जे इंग्रजीत संदर्भावर सोपवावे लागते, ते येथे विभक्तीने साधले आहे. हा नियम सर्वत्र सारखा चालतो असे मात्र म्हणता येत नाही. ‘पाणी गरम असले पाहिजे’ हे वाक्य अट म्हणूनही घेता येते, तर्क म्हणूनही. आणि ‘पाऊस आला पाहिजे’ ह्यात तर्क नसून गरज आहे. तरीही सचेतन कर्ता आणि ‘असणे’ हे क्रियापद एकत्र आले की भेद स्पष्ट उमटतो. चतुर्थीचा ‘त्याला’ तो पुसून टाकतो.

‘पाहिजे’ हे रूप मुळात ‘पाहणे’ ह्या धातूचे जुने कर्मणी रूप होय. हिंदी ‘चाहिए’ची घडणही त्याच जातीची आहे. पाहिले जाते, शोधले जाते, म्हणून हवे. फ्रेंच भाषेतील ‘इल फो’ हा प्रयोग उणीव दाखविणाऱ्या लॅटिन धातूपासून आला आहे, आणि ‘दव्वार’ हे क्रियापद ऋण असण्यावरून आले आहे. ‘इल द्वा’ म्हटले की फ्रेंचमध्येही कर्तव्य व तर्क इंग्रजीप्रमाणेच एकाच शब्दात सामावतात. ‘इल फो’ मात्र कर्त्याला बाजूस सारतो व आपल्या ‘गेले पाहिजे’च्या जवळ येतो. उलट ‘शुड’साठी फ्रेंचला वेगळा शब्द नाही, ‘दव्वार’चेच संकेतार्थी रूप, ‘इल दव्रे’, ते काम करते. म्हणजे इंग्रजी जेथे शब्द बदलते तेथे फ्रेंच रूप बदलते आणि मराठी पुष्कळदा विभक्ती.

‘कॅन’च्या बाबतीत मराठी आणि फ्रेंच यांचे साम्य तर चकित करणारे आहे. शिकून आलेल्या कौशल्यासाठी फ्रेंचमध्ये ‘साव्वार’, म्हणजे जाणणे, हे क्रियापद येते. त्या वेळच्या सामर्थ्यासाठी ‘पूव्वार’. मराठीतही ‘तिला पोहता येते’ आणि ‘आज ती पोहू शकते’ ह्यांत हाच फरक आहे. अनुवादक दोन्ही ठिकाणी ‘शकणे’ योजतात आणि मग ‘आपण मला पाणी देऊ शकाल का?’ असे निर्जीव मराठी जन्मास येते. ‘पाणी देता का?’ ह्या प्रश्नात विनय कमी नाही.

‘मे’विषयी थोडेच सांगण्यासारखे आहे. परवानगी असेल तर ‘त्याने आले तरी चालेल’, शक्यता असेल तर ‘तो येईलही’. एका ‘ही’ने येथे सारे काम भागते. कायद्याच्या मराठीने ‘शॅल’ आणि ‘मे’ यांसाठी ‘करील’ आणि ‘करता येईल’ अशी जोडी पत्करली आहे. हिंदीत ‘करेगा’ व ‘कर सकेगा’. कायद्यात ही काटेकोर वाटणी आवश्यकच होय.

साहित्यात मात्र संदिग्धता हीच पुष्कळदा संपत्ती असते. शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’ नाटकाच्या पाचव्या अंकात राणीच्या मृत्यूची वार्ता येते, तेव्हा राजाच्या पहिल्याच उद्गारात ‘शुड’ आहे. तिला पुढे केव्हा तरी मरण येणारच होते, असा त्याचा अर्थ घ्यावा, की तिने आता मरायला नको होते, असा? पहिला अर्थ घेतला तर मॅकबेथ सर्व भावनांना पारखा झालेला दिसतो. दुसरा घेतला तर शोकासाठी सवड मागणारा. टीकाकारांत ह्याविषयी मतभेद आहेत, आणि नटाला दोन्ही सूर एकाच शब्दात लावता येतात. मराठीत ‘मरणारच होती’ म्हटले की पहिला सूर उरतो, ‘मरायला नको होते’ म्हटले की दुसरा. फ्रेंचमधील ‘ओरे द्यू’ हे रूप बहुधा दुसऱ्या अर्थाकडे झुकते. ‘दव्हे’ हे भूतकालीन रूप नियती आणि अपेक्षा दोन्ही धरून ठेवते. मराठीत त्याच्या सर्वांत जवळचा प्रयोग ‘आवयाचा’ हा आहे : ‘ती पुढे मरावयाची होती.’ ह्या वाक्यात ठरलेले काय आणि व्हावयास हवे होते काय, हे वेगळे करता येत नाही. कानाला ते किंचित जुने वाटते, आणि आजच्या रंगभूमीवरील नट ‘मरायची होती’ असे बोलेल. अर्थाची दुहेरी वीण त्यातही टिकते.