पडद्याच्या उलट्या बाजूने

मुरबाड तालुक्यातल्या म्हसा गावी पौष पौर्णिमेला म्हसोबाची यात्रा भरते. बैलबाजार, घोंगड्यांची दुकानं, मिठाईच्या राहुट्या, तमाशाचे फड. माझ्या लहानपणी तिथे सिनेमाचा तंबूही लागायचा. मधोमध कापडी पडदा, पुढच्या बाजूला पुरुष आणि मागच्या बाजूला बायका-पोरं. चित्र दोन्हीकडून दिसतं, फक्त मागून बघणाऱ्याला डावं ते उजवं. मी आईबरोबर मागे बसायचो. त्यामुळे मी पाहिलेला दादा कोंडक्यांचा पहिला सिनेमा उलटा पाहिला.

सिनेमा होता ‘तुमचं आमचं जमलं’. नुकतंच वाचायला शिकलो होतो, म्हणून पडद्यावरची उलटी अक्षरं जुळवत होतो. ‘संगीत’ लागलं, मग ‘राम लक्ष्मण’ लागलं. मी आईला म्हटलं, “आई, याचं संगीत देवांनी केलंय.” आईने अंधारातच हात जोडले.

पुढे कित्येक वर्षं ते नाव डोक्यातून गेलं नाही. दादांच्या सिनेमांमागची माणसं शोधायला लागलो, तेव्हा सुरुवात या नावापासूनच केली.

नागपूरचे विजय पाटील आणि त्यांचे जोडीदार सुरेंद्र ऑर्केस्ट्रात वाजवायचे. दादांनी त्यांना ऐकलं आणि आपल्या ‘पांडू हवालदार’चं संगीत त्यांच्या हाती दिलं. साल १९७५. तोवर ‘सोंगाड्या’ आणि ‘एकटा जीव सदाशिव’ या दोन सिनेमांना राम कदमांचं संगीत होतं. राम कदम म्हणजे ‘पिंजरा’चे संगीतकार, लावणीतला शेवटचा शब्द. अशा माणसाबरोबर जमलेलं असताना ऑर्केस्ट्रातली दोन नवी पोरं उचलायची, याला छाती लागते. दादांनी जोडीचं बारसं केलं: राम लक्ष्मण. सुरेंद्र झाले राम आणि विजय पाटील लक्ष्मण.

सव्वा-दीड वर्षात ही जोडी फुटली, तीही मरणाने. ‘एजंट विनोद’ हा राजश्रीचा हिंदी सिनेमा हाती आला त्याच सुमारास राम गेले. विजय पाटील एकटे उरले, पण नाव बदललं नाही. पुढच्या प्रत्येक सिनेमावर त्यांनी ‘राम लक्ष्मण’ असंच लावलं. १९८९ सालच्या ‘मैंने प्यार किया’वर तेच नाव आणि १९९४ सालच्या ‘हम आपके हैं कौन’वरही तेच. देशभर ज्या गाण्यांवर लग्नं लागली, त्यांच्यावर गेलेल्या मित्राचं नाव आधी आणि आपलं नंतर. २२ मे २०२१ ला नागपुरात विजय पाटील वारले, तेव्हाच्या बातम्यांतही ‘संगीतकार राम लक्ष्मण यांचं निधन’ असंच छापून आलं. माझ्या आईने तंबूत हात जोडले ते अगदीच वाया गेले नाहीत, असं मला वाटतं.

पण मला सांगायचंय ते दादांबद्दल. दादा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर लोंबणारी नाडी आणि तोंडी द्व्यर्थी संवाद येतो. त्यांच्या नऊ सिनेमांनी रौप्यमहोत्सव केला, गिनीज बुकात नोंद झाली, हेही बऱ्याच जणांना पाठ असतं. गाणी लिहिणारे दादा मात्र कुणाच्या लक्षात नाहीत. आमच्याकडे दर हनुमान जयंतीला पहाटे देवळाच्या कर्ण्यावर ‘अंजनीच्या सुता’ लागतं. शहापूरपासून डोळखांबपर्यंत आणि सरळगावपासून टोकावड्यापर्यंत एक देऊळ सुटत नाही. काकड आरतीला बसलेल्या म्हाताऱ्यांना विचारलं की हे कुणी लिहिलं, तर कुणी म्हणतं संतांचं असेल, कुणी म्हणतं पारंपरिक. ते दादांनी लिहिलंय, राम लक्ष्मणांनी बांधलंय आणि महेंद्र कपूर गायलेत. म्हशाच्या तंबूत मी उलटा पाहिला त्याच ‘तुमचं आमचं जमलं’मधलं, म्हणजे १९७६ सालचं.

लिहिणारा आपल्याच काळातला असताना गाणं ‘पारंपरिक’ व्हावं, यापेक्षा मोठी पावती मला माहीत नाही. पण तीच पावती त्याचं नाव पुसून टाकते.

दादांचा गाण्याचा कान आला कुठून? ते खेड्यातले वाटतात, पण जन्म ८ ऑगस्ट १९३२ चा, मुंबईच्या नायगावातला, गिरणगावातल्या चाळीचा. नाव कृष्णा. गाव भोरकडचं इंगवली. अपना बाजारात नोकरी केली, बँडमध्ये वाजवलं, राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून महाराष्ट्र पालथा घातला. आधी वाद्य हातात आलं, शब्द नंतर आले. माझ्या मते त्यांच्या गाण्याची सगळी किल्ली इथेच आहे.

ही गोष्ट मला पुस्तकातून कळली नाही, एका हळदीत कळली.

आमच्या भागात लग्नापेक्षा हळद मोठी. मांडवात जनरेटरची घरघर, दारात बँजो पार्टी. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: हा परदेशी गोल बँजो नव्हे. लाकडी पेटीवर तारा ताणलेल्या, वर टाइपरायटरसारखी बटणं. डावा हात बटणांवर, उजव्या हाताच्या चिमटीत प्लास्टिकची नखी. त्यातून वायर थेट स्पीकरला. बाजूला कॅसिओ, कच्छी ढोल, ढोलकी, ताशा. गाणारा कुणी नसतो. गाणं बँजो ‘बोलतो’.

धसईकडच्या एका पार्टीचे मास्तर माझ्या ओळखीचे. साठी ओलांडलेली, डाव्या हाताच्या बोटांची टोकं बटणं दाबून दाबून चपटी झालेली. त्यांच्याजवळ एक जुनी वही आहे, तिच्यात गाण्याचं नाव आणि पुढे ‘काळी दोन’, ‘पांढरी चार’ अशी पट्टी. एका हळदीत त्यांनी दादांचं ‘ढगाला लागली कळ’ सुरू केलं आणि पाटावर बसलेल्या नवरदेवाच्या आजीपासून मंडपातल्या पोरांपर्यंत सगळे उठले. जेवणाच्या पंगतीत मी विचारलं, “मास्तर, गाणारा नाही, शब्द नाहीत, मग लोकांना पहिल्या दोन ठोक्यांत कळतं कसं?”

मास्तर म्हणाले, “भाऊ, काही गाणी वाजवताना अक्षरं सुटतात. बँजोवर सूर निघतो, शब्द निघत नाही. पण दादांच्या गाण्यात शब्दच ठोक्यावर बसवलेला असतो. एक बटण, एक अक्षर. मी वाजवतो तेव्हा माणसाच्या तोंडात आपोआप शब्द येतो.”

हे ऐकलं आणि घरी जाऊन मी दादांची गाणी नव्याने ऐकली. मास्तर बरोबर होते. दादांच्या ओळीत लांबणारे, हवेत तरंगणारे शब्द फार कमी. ट, ठ, ड, ळ, ग असली ठणठणीत अक्षरं, छोटी क्रियापदं, शेतातल्या नाहीतर चुलीजवळच्या वस्तू. बँडमध्ये वाजवलेला माणूसच असं लिहितो. तो आधी ढोल ऐकतो आणि मग त्यावर अक्षर ठेवतो.

बँडनंतरची दुसरी शाळा लोकनाट्याची. वसंत सबनीसांनी ‘विच्छा माझी पुरी करा’ लिहिलं, ते १९६५ साली रंगमंचावर आलं आणि दादा त्यात हवालदार झाले. हजारावर प्रयोग झाले. गण, गौळण, बतावणी, वग अशी तमाशाची चौकट सबनीसांची, तिच्यात रोजच्या बातमीवर ऐन वेळी वाक्य पेरायचं काम दादांचं. आज कुठे हशा आला, उद्या तो शब्द कुठे हलवायचा, याचा हिशेब रात्री-रात्री चालायचा. आशा भोसले हे नाटक बघायला यायच्या, त्यांनीच भालजी पेंढारकरांकडे दादांचं नाव काढलं आणि १९६९ च्या ‘तांबडी माती’तून दादा पडद्यावर आले. दोन वर्षांनी, १९७१ मध्ये, दादांनी स्वतः ‘सोंगाड्या’ काढला. लेखणी पुन्हा सबनीसांचीच, दिग्दर्शन गोविंद कुलकर्णींचं.

गाणं लिहिताना दादा तमाशातल्या सोंगाड्याची जागा सोडत नाहीत. बाई एक ओळ टाकते, सोंगाड्या मध्येच अडवतो, विचारतो, तिची ओळ तिच्यावर उलटवतो. आमच्या लग्नांत धवलारीण धवळे, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणते तेव्हा ती एक ओळ सोडते आणि भोवतीच्या बाया ती उचलतात. गौरीच्या फेरातही तेच, एक बाजू विचारते आणि दुसरी सांगते. म्हणून मुरबाडच्या हळदीत दादांचं गाणं पाहुण्यासारखं उपरं वाटत नाही. त्याला उत्तर द्यायची सवय बायांना आधीपासून आहे.

आता आवाजांचं. ‘सोंगाड्या’त पुरुषाचा आवाज जयवंत कुलकर्णींचा होता, खणखणीत मराठी. पुढे दादांनी स्वतःसाठी आवाज निवडला महेंद्र कपूर यांचा. अमृतसरचा माणूस. ‘उपकार’मधल्या शेतकऱ्याच्या देशभक्तिपर गाण्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला. अर्ध्या चड्डीतल्या भाबड्या मराठी गड्याला पंजाबी आवाज, हे कागदावर कुणालाही पटलं नसतं. पडद्यावर मात्र तो दादांचाच आवाज वाटतो, इतका की दादा बोलताना थांबले आणि गाताना तेच पुढे गेले असा भास होतो. महेंद्र कपूर यांचा आवाज वर चढताना पातळ होत नाही, मोकळ्या माळावर हाक मारावी तसा जातो. कर्ण्यावरून गाणं चार वाड्यांपलीकडे पोहोचवायचं तर असाच आवाज हवा. ठोक्यावर बसणारी ठणठणीत अक्षरं त्यांच्या जिभेलाही सोपी गेली असणार, असा माझा कयास आहे.

समोर उषा मंगेशकर. लावणीतला ठसका आणि गौळणीतला लाडिकपणा एकाच गळ्यात. १९७५ साली ‘जय संतोषी माँ’ची भक्तिगीतं घराघरांत गेली, तिथेही उषाताई होत्या आणि महेंद्र कपूरही होते. त्याच वर्षी ‘पांडू हवालदार’ आला. देव्हारा आणि तमाशा, दोन्ही ठिकाणी चालणारे गळे दादांनी हेरले. ‘अंजनीच्या सुता’ देवळात का टिकलं, त्याचं एक कारण हेही आहे.

दादांचा मोठेपणा मला या निवडीत दिसतो. ज्याला स्वतः लिहिता येतं, अभिनय येतो, ठेका कळतो, तो बहुधा सगळं आपल्याच हातात ठेवतो. दादांनी उलट केलं. माणूस पारखला की पुढच्या सिनेमालाही तोच. त्यांच्या कामाक्षी पिक्चर्सच्या एकामागून एक सिनेमांत नायिका उषा चव्हाण, राम लक्ष्मण, महेंद्र कपूर, उषा मंगेशकर आणि मुख्य सहायक बाळ मोहिते, ही घडी कायम राहिली. गाणं लिहिणाऱ्याला ते कोण गाणार, कोण वाजवणार आणि पडद्यावर कोण नाचणार हे आधीच ठाऊक असेल, तर ओळ वेगळी लिहिली जाते. दादांची ओळ तशी, माप घेऊन शिवलेली.

त्यांच्या गाण्यांवर चावटपणाचा शिक्का बसला, तो काही ठिकाणी योग्यही आहे. सगळीच गाणी सारखी नाहीत, उत्तरार्धातल्या सिनेमांत तर शब्दापेक्षा कोपरखळी जड होते. पण त्या शिक्क्याखाली चांगलं गाणंही दडपलं गेलं. १४ मार्च १९९८ ला दादा गेले आणि गाण्यांवरचं त्यांचं नाव आणखी पुसट झालं. ‘ढगाला लागली कळ’ १९७८ च्या ‘बोट लावीन तिथं गुदगुल्या’मधलं; २०१९ साली ‘ड्रीम गर्ल’ या हिंदी सिनेमासाठी ते नव्याने वाजलं आणि पोरांना वाटलं, हे हिंदीवाल्यांचं.

गेल्या उन्हाळ्यात मास्तरांना मी हे सगळं सांगितलं. राम गेल्यावरही विजय पाटलांनी नाव बदललं नाही, ते ऐकून मास्तर बराच वेळ गप्प बसले. मग वही काढली. ‘काळी दोन’च्या पुढे कोरी जागा होती. पेन माझ्या हातात देऊन म्हणाले, “तुमचं अक्षर चांगलं आहे. लिहा, कुणी लिहिलं, कुणी चाल लावली, कुणी गायलं.” त्या रात्री आम्ही एकवीस गाण्यांपुढे नावं लिहिली. काहींपुढची जागा अजून कोरी आहे.

आता त्यांच्या पार्टीचा माइकवाला गाणं सुरू व्हायच्या आधी नावं घेतो. पाच सेकंदही लागत नाहीत. तुमच्या गावात हळद असेल, यात्रा असेल, हनुमान जयंती असेल, तर वाजवणाऱ्याला एवढी विनंती करा: गाण्याआधी लिहिणाऱ्याचं नाव घ्या.