साकोली जागेवरच, हद्दी फिरल्या

१९९१ च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २१ लाख. २००१ मध्ये ११ लाख ३६ हजार. हे आकडे शेजारी ठेवले की ‘मोठं स्थलांतर झालं’ असं लिहायचा मोह होतो. पहिल्या मसुद्यात मीही तेच लिहून बसलो होतो! लोक कुठेच गेले नव्हते. १ मे १९९९ ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला, एवढंच.

साकोलीचंच बघा ना. १९५६ पर्यंत इथून देवरीमार्गे दुर्गला जाताना राज्याची हद्द लागायचीच नाही. दोन्ही जिल्हे मध्य प्रदेशात, राजधानी नागपूर. मग भंडारा मुंबई राज्यात गेला आणि मधे सीमा आली. २००० मध्ये पलीकडे छत्तीसगड झालं. पण त्याआधीच देवरी गोंदियात गेलेली, त्यामुळे भंडारा जिल्हा छत्तीसगडला टेकतच नाही.

म्हणून ‘सीमेवरचा जिल्हा’ म्हणण्याआधी कोणत्या वर्षाचा, ते लिहा. तुलनेसाठी जनगणनेचा ए-२ तक्ता घ्या. त्यात १९०१ पासूनचे जिल्ह्याचे आकडे त्या जनगणनेच्या वेळच्या हद्दीत बसवून दिलेले असतात. तालुका पातळीवर मात्र गावांच्या याद्या एकेक करून जुळवाव्या लागतात, आणि सगळा वेळ तिथेच जातो.