विळ्याला पाणी कशात द्यावे?

शमुवेलच्या पहिल्या पुस्तकात, तेराव्या अध्यायात, सांगितले आहे की इस्राएलात लोहार उरला नव्हता आणि कुऱ्हाड-कोयत्याला धार लावायला लोकांना पलिष्ट्यांकडे जावे लागे. भैरवगढच्या आसपास गाडिया लोहारांचा तळ हलला की आपलीही तीच गत होते. मग काही जण घरीच भट्टी पेटवतात. त्यात वाईट काही नाही. पण गेल्या सोयाबीन कापणीच्या तोंडावर आपल्या एका बांधवाने लाल विळा जळक्या ऑइलमध्ये बुडवला. ऑइल पातळ व्हावे म्हणून त्यात डिझेल घातले होते. भडका उडून हात भाजला आणि ऐन हंगामात तो घरी बसला. म्हणून हे चार शब्द.

पाणी देणे म्हणजे तापलेले पोलाद झटकन थंड करून कठीण करणे. साध्या पाण्यात ते फार वेगाने निवते. ट्रकच्या पाट्याचे पोलाद हा वेग सोसत नाही. पाते वाकते किंवा तडकते. तेल सावकाश निववते. म्हणून पाट्याच्या विळ्याला तेलच योग्य.

तेल कोणते? कारखान्यांसाठी मिळणारे खास तेल उत्तम. ते नसल्यास शेंगदाण्याचे किंवा सोयाबीनचे गोडे तेल घ्यावे. ते सहजी पेट घेत नाही आणि त्याचा धूर जळक्या ऑइलइतका विषारी नसतो. जळक्या ऑइलमध्ये धातूंचे कण व कर्करोगाला कारण होणारी द्रव्ये असतात. रॉकेल व डिझेल तर लवकर पेटतात. ती कधीच वापरू नयेत.

एका विळ्यासाठी सुमारे ५ लिटर तेल झाकणाच्या लोखंडी डब्यात घ्यावे. डबा काठोकाठ भरू नये. तेल ५० ते ६० अंश सेल्सिअस कोमट करावे. कोमट तेल पातळ होऊन पात्याला नीट भिडते. त्यात पाण्याचा थेंबही नसावा. तापल्या मेणात पाणी पडले तर काय होते, हे भैरवगढच्या बाटिक कारागिरांना विचारावे.

भट्टी सावलीत असावी, म्हणजे लाली नीट दिसते. पात्याला लोहचुंबक चिकटेनासा झाला की किंचित आणखी तापवावे, लांब सांडशीने धरून सरळ खाली बुडवावे व वरखाली हलवावे. आडवे हलवल्यास पाते वाकते. निवल्यावर कानस घसरली, तर पाणी चढले असे समजावे.

काम एवढ्यावर संपत नाही. असे पाते काचेसारखे ठिसूळ असते. लगेच एक बाजू घासून चकचकीत करावी व मंद आचेवर शेकावी. चाकूला गवती पिवळा, विळ्याला तपकिरी-जांभळा रंग आला की थांबावे.

तेल पेटल्यास झाकण घालावे किंवा वाळू टाकावी. पाणी कदापि नाही. मुलांना दूर ठेवावे. भाजल्यास २० मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरावे. तूप, शाई, टूथपेस्ट लावू नये, आणि दवाखाना गाठावा.

विळा हंगामागणिक नवा घडवता येतो. हात मात्र देवाने दोनच दिले आहेत, ते आपण जपू या.