विशेषनाम की सामान्यनाम? बूशेच्या एका चित्राचा अन्वय

न्यूयॉर्क येथील फ्रिक संग्रहात फ्रांस्वा बूशे (१७०३–१७७०) ह्या फ्रेंच चित्रकाराचे १७४३ सालचे एक लहानसे तैलचित्र आहे. उंची वस्त्रे ल्यालेली एक तरुणी आपल्या दालनात कोचावर पहुडली आहे. सुताचा गुंडा जमिनीवर घरंगळला आहे; मेजाचा खण उघडाच राहिला असून तेथे पुस्तक व पत्र दिसते. भिंतीवरील मांडणीवर चिनी मूर्ती व चहाची भांडी आहेत.

हे चित्र दीर्घकाळ ‘मादाम बूशे’ ह्या नावाने ओळखले जाई. चित्रकाराची पत्नी मारी-झान ब्यूझो त्या वर्षी सत्तावीस वर्षांची होती. आता संग्रहालयाने ‘कोचावरील स्त्री’ अशा अर्थाचे नाव स्वीकारले आहे. बदल केवळ पाटीवरचा वाटतो. वस्तुतः त्याने चित्राचा अन्वयच बदलतो. विशेषनाम व्यक्तीकडे बोट दाखविते, सामान्यनाम गुणसमुच्चय सुचविते. ‘मादाम बूशे’ म्हटले की उघडा खण ही त्या गृहिणीच्या गबाळेपणाची नोंद ठरते आणि पतीची प्रेमळ थट्टा म्हणून आपण तिथेच थांबतो. नाव काढून घेतले की तोच खण संकेत बनतो. पत्र कोणाचे, हातचे काम का टाकले, असे प्रश्न उभे राहतात आणि पॅरिसमधील सुखवस्तू स्त्रीचा एक नमुना समोर येतो.

हा दुसरा अन्वय अधिक सयुक्तिक दिसतो. बूशेला १७३४ साली राजकीय अकादमीत प्रवेश मिळाला तो इतिहास-पुराणांचा चित्रकार म्हणून. पहुडलेल्या व्हीनसची परंपरागत ठेवण त्याच्या हातची होती. येथे तिला वस्त्रे नेसवून त्याने समकालीन दालनात आणले आहे. ह्या चित्राला रसिकांनी ‘अव्यवस्थित व्हीनस’ म्हटले ते उगाच नव्हे. अर्थात ती त्याची पत्नीच असेल तर विनोदाला अधिक धार येते, हेही नाकारता येत नाही.

शीर्षकाला मात्र चित्रकाराची साक्ष मानू नये. त्या काळी चित्रांना नावे बहुधा मुद्राचित्रकार, विक्रेते व सूचिकार देत. चिनी वस्तूंचा पुरावाही तोकडाच आहे. बूशे अशा वस्तूंचा हौशी संग्राहक होता; त्याच्या मृत्यूनंतर १७७१ साली तो संग्रह विकला गेला. परंतु त्यावरून मांडणी कोणाची एवढेच फार तर अनुमानता येईल. कोचावरची स्त्री कोण, हे नव्हे.