पूररेषेतल्या घरांच्या फायली

न्यू जर्सीत रॅरिटन नदीच्या खोऱ्यातल्या एका लहान नगरपालिकेच्या बांधकाम विभागात मी काम करते. माझ्यापुढे येणाऱ्या कागदांत सर्वांत मोलाचा कागद म्हणजे घराच्या उंचीचा दाखला. सर्व्हेअर मोजणी करून लिहून देतो: सर्वांत खालचा मजला किती उंचीवर, भिंतीला लागलेली जमीन किती, फर्नेस आणि पाणी तापवायची टाकी कुठे. नकाशातली पुराची पातळीही त्याच कागदावर असते. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की पुढच्या पुरात त्या घराचं काय होईल ते कळतं.

मी आधी बघते ती मोजणी कशावरून केली आहे ते. जुने नकाशे १९२९ च्या आधारपातळीवरचे, नवे १९८८ च्या. आमच्या भागात दोहोंत सुमारे एका फुटाचा फरक आहे, आणि खूण चुकीच्या चौकटीत पडली तर कागदावर कोरडं दिसणारं घर प्रत्यक्षात पाण्यात असतं. मग घराखालच्या पोकळीच्या झडपा. आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट नसेल तर दाबाने भिंत फुटते. म्हणून दर चौरस फूट जागेमागे एक चौरस इंच उघडी वाट लागते, निदान दोन भिंतींत, आणि तिचा तळ जमिनीपासून फुटाच्या आत. फोटो भिंगाखाली धरून मी त्या मोजते. थंडीत वारा येतो म्हणून कुणी आतून फळ्या ठोकलेल्या असतात. तसं दिसलं की जाऊन बघावंच लागतं.

या बारकाईमागे एक व्यवस्था आहे. अमेरिकेत घराच्या नेहमीच्या विम्यात पुराचं नुकसान धरत नाहीत. त्यासाठी १९६८ च्या कायद्याने सरकारी पूरविमा सुरू झाला. १९९० पासून त्याला कम्युनिटी रेटिंग सिस्टीमची जोड मिळाली. किमान नियमांपलीकडे गाव जे करेल त्याला गुण. दर ५०० गुणांना एक वर्ग वर, आणि वर्गागणिक गावातल्या विमाधारकांना हप्त्यात ५ टक्के सूट. दहावा वर्ग म्हणजे काहीच नाही, पहिला म्हणजे ४५ टक्के. पहिल्या वर्गात सर्वांत आधी पोचलं ते कॅलिफोर्नियातलं रोझव्हिल. ओक्लाहोमातलं तुल्साही तिथवर गेलं. १९८४ च्या पुरात तुल्सात १४ माणसं गेली होती; त्यानंतर त्या शहराने नाल्याकाठची घरं विकत घेऊन पाडली आणि पाणी साठवायला तळी खोदली.

आमचं काम त्या मानाने फार लहान, पण रोजचं. पाऊस पडून गेला की नाल्यावर जायचं, पुलाखाली अडकलेली झाडं-फांद्या बघायच्या, कुणी कधी काढल्या ते वहीत लिहायचं. ज्या वस्तीत दहा वर्षांच्या आत दोनदा नुकसानभरपाई घेतलेली घरं आहेत, तिथल्या सगळ्यांना दरवर्षी पत्र धाडायचं. त्यात ज्यांच्या घरात आजवर पाणी आलेलं नाही तेही येतात. नोंद नसेल तर गुण नाहीत. तपासनीस वही मागतो, तोंडी सांगितलेलं धरत नाही. मला हा हट्ट योग्यच वाटतो. वहीमुळे दरवर्षी कुणीतरी नाल्यापाशी उभं राहतं.

इडा वादळाचा १ सप्टेंबर २०२१ चा पाऊस इथे कुणी विसरलेलं नाही. एडिसन, आयसेलिनकडच्या मराठी घरांत बेसमेंट म्हणजे पाहुण्यांची खोली, मुलांचं खेळणं, गणपतीचं मखर ठेवायची जागा. पूरविम्यात त्या बेसमेंटला फारच थोडं संरक्षण आहे: फर्नेससारखी यंत्रं, विजेचा मुख्य बोर्ड; गालिचा आणि सोफा नाही. घर घेऊ पाहणारी मंडळी फोन करतात. "ताई, घर झोनमध्ये नाही ना? मग विमा कशाला?" मी सांगते की झोन म्हणजे वर्षाला एक टक्का शक्यतेची रेघ, आणि तीस वर्षांच्या कर्जात रेघेच्या आतल्या घराला तीच शक्यता चारात एक इतकी होते. रेघेबाहेर पाऊलभर अंतरावर ती शून्य कशी होईल? सूट रेघेबाहेरच्या पॉलिसीलाही लागते. आणि वादळाची बातमी आल्यावर फॉर्म भरून उपयोग नाही, बहुतेक पॉलिसी तीस दिवसांनी लागू होते.

कोल्हापूर-सांगलीच्या वाचकांना निळी आणि लाल पूररेषा सांगायला नको. तिकडे रेषेचा वाद बांधकाम परवानगीशी येऊन थांबतो. इथे पुराचा धोका दरवर्षी हप्त्याच्या कागदावर उमटतो, म्हणून सभेला माणसं येतात. पैशाचा हा धागा आपल्याकडेही असावा असं मला मनापासून वाटतं.

तरी या व्यवस्थेत मला सर्वांत पटलेली गोष्ट म्हणजे मोकळ्या ठेवलेल्या जमिनीला मिळणारे भरघोस गुण. राज्याची ब्लू एकर्स योजना १९९५ पासून राजीखुशीने घरं विकत घेते. आयसेलिन ज्या वुडब्रिज टाउनशिपमध्ये येतं, तिथे सँडी वादळानंतर अशी शंभराहून जास्त घरं घेतली गेली आणि त्या जागी पुन्हा झाडझाडोरा वाढू दिला. विकणाऱ्यांना ते सोपं गेलं असेल असं मी कधीच म्हणणार नाही. चाळीस-चाळीस वर्षांचे शेजार मोडतात. गावाचा घरपट्टीचा पैसाही जातो, आणि दर अंदाजपत्रकाला कुणीतरी विचारतं की त्या रिकाम्या प्लॉटांवर निदान पार्किंग तरी का करू नये. तेव्हा मी फाइल उघडून खरेदीखत पुढे ठेवते. केंद्राच्या पैशाने घेतलेली जमीन कायमची मोकळी ठेवायची, अशी अट त्यातच लिहिलेली आहे. बाग चालेल, चारी बाजूंनी उघडी शेड चालेल, डांबर नाही.