खात्यात जमा, हातात कधी?

२०२४च्या ऑगस्टमध्ये, राखी पौर्णिमेच्या आठवड्यात, महाराष्ट्रात गावोगावच्या बँकांसमोर बायकांच्या रांगा लागल्या होत्या. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचे दोन महिन्यांचे मिळून ३,००० रुपये खात्यांवर पडू लागले होते. रांगेतल्या सगळ्याच जणी पैसे काढायला आल्या नव्हत्या. कुणाला हप्ता आला की नाही एवढेच पाहायचे होते. कुणाचे केवायसी राहिले होते, कुणाचे आधार लिंक नव्हते. कुणाचे पैसे आले होते, पण ते कोणत्या बँकेत आले याचा पत्ता लागत नव्हता. काहींच्या खात्यावर रक्कम पडली आणि जुन्या दंडापोटी किंवा थकलेल्या कर्जापोटी बँकेने ती तिथल्या तिथे कापून घेतली. या पैशांना हात लावू नका, असे अखेर राज्य सरकारला बँकांना सांगावे लागले.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. जूनअखेरीस अर्थसंकल्पात जाहीर झालेल्या योजनेचे पैसे ऑगस्टच्या मध्यात लाखो बायकांच्या नावावर जमा झाले होते. मनिऑर्डरच्या काळात एवढ्या थोड्या दिवसांत एवढ्या घरांपर्यंत सरकारी पैसा पोहोचवणे शक्यच नव्हते.

सरकारी मदत थेट बँक खात्यात देण्यामागे दोन हेतू होते. वाटेतली गळती थांबवायची हा एक. त्या निमित्ताने गरीब माणूस बँकेशी जोडायचा हा दुसरा. पहिल्याचे ढोल नेहमी वाजतात. दुसरा किती साधला, याचा हिशेब मात्र क्वचित मांडला जातो.

बँकेला गरीब का नको होता?

‘दिल्लीतून निघालेल्या रुपयातले पंधराच पैसे गरिबापर्यंत पोहोचतात’, अशा अर्थाचे राजीव गांधी यांचे १९८५ मधले विधान आजही प्रत्येक चर्चेत येते. निराधारांचे अनुदान असो की रोजगार हमीची मजुरी, रोख रक्कम जितक्या हातांतून जाई तितक्या ठिकाणी ती झिजे. खात्यात पैसे टाकणे हा त्यावरचा उघड उपाय होता. अडचण एवढीच की गरिबाकडे खाते नव्हते, आणि बँकेलाही त्याचे खाते नको होते.

त्यामागे साधे गणित होते. शंभर रुपये काढायला आलेल्या माणसासाठी कॅशियरचा जेवढा वेळ जातो, तेवढाच लाख रुपये काढणाऱ्यासाठी जातो. लहान खाते म्हणजे बँकेला तोटा. रिझर्व्ह बँकेने २००५ मध्ये किमान शिलकीची अट नसलेली साधी खाती उघडायला सांगितले. २००६ मध्ये शाखेऐवजी गावातच प्रतिनिधी नेमण्याची मुभा दिली. आज आपण ज्यांना बँक मित्र म्हणतो, त्यांची सुरुवात तिथून झाली. पण खाती उघडून ती रिकामीच पडून राहिली. ज्याच्या हातात आठवड्याची मजुरी आठवडी बाजारातच संपते, तो खात्यात ठेवणार काय?

इथे सरकारी अनुदानाचा विचार पुढे आला. सरकार नाहीतरी गरिबांना पैसे देतेच. ते दर महिन्याला त्याच खात्यावर टाकले तर खाते जिवंत राहील, बँक मित्राला कमिशन मिळेल आणि गरिबाला बँकेत जायला कारण मिळेल, असा हा तर्क. त्याला लागणारे तुकडे पुढच्या काही वर्षांत जुळत गेले. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात दिला गेला. १ जानेवारी २०१३ पासून थेट लाभ हस्तांतरण, म्हणजे डीबीटी, निवडक जिल्ह्यांत सुरू झाले. २८ ऑगस्ट २०१४ रोजी जनधन योजना आली आणि पहिल्याच दिवशी दीड कोटी खाती उघडली गेली.

पैसा जातो कसा?

बऱ्याच तक्रारींचे मूळ या प्रवासात आहे, म्हणून तो समजून घ्यायला हवा. डीबीटीच्या अनेक योजनांत सरकारी विभाग बँकेकडे लाभार्थींची यादी पाठवते, तेव्हा त्यात बँक खात्याचा क्रमांक नसतो. आधार क्रमांक असतो. मुंबईत मुख्यालय असलेल्या भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाकडे, म्हणजे एनपीसीआयकडे, एक नोंदवही आहे. कोणता आधार क्रमांक कोणत्या बँकेशी जोडला आहे, एवढेच त्यात असते. पैसे त्या बँकेकडे जातात आणि ती बँक ते खात्यावर टाकते.

यातून दोन घोळ होतात. खात्याला आधार ‘लिंक’ असणे आणि या नोंदवहीत त्या बँकेचे नाव असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीला ‘सीडिंग’ म्हणतात. बँकेत आधारची झेरॉक्स दिली, पासबुकावर शिक्का बसला, तरी सीडिंग झालेले नसेल तर हप्ता येत नाही. ‘आधार लिंक आहे पण डीबीटी चालू नाही’ हे वाक्य सेतू केंद्रात रोज ऐकू येते, ते यामुळे. दुसरा घोळ असा की एका आधार क्रमांकापुढे एकाच बँकेचे नाव राहते आणि शेवटी जिथे सीडिंग झाले तिचेच. दोन-तीन खाती असलेल्या बाईने नव्या बँकेत कुठे अंगठा दिला, की जुन्या खात्यावर येणारे पैसे तिच्या नकळत तिकडे वळू शकतात.

हे कागदावरचे भय नव्हे. २०१७ मध्ये मोबाइलच्या सिमची आधार पडताळणी करताना लाखो ग्राहकांची एका पेमेंट बँकेत परस्पर खाती उघडली गेली आणि त्यांचे गॅस अनुदान तिकडे जमा होत राहिले. त्या वर्षी डिसेंबरमध्ये आधार प्राधिकरणाने त्या कंपनीची ई-केवायसी सेवा थांबवली आणि पैसे मूळ खात्यांकडे परत वळवावे लागले.

काय साधले?

खाती वाढली यात वाद नाही. जागतिक बँकेच्या ‘फिंडेक्स’ पाहणीनुसार २०११ मध्ये भारतात ३५ टक्के प्रौढांचे खाते होते. २०१४ मध्ये ते प्रमाण ५३ टक्के झाले आणि २०१७ मध्ये ८० टक्क्यांवर गेले. जनधन खाती ऑगस्ट २०२५ पर्यंत ५६ कोटींच्या पुढे गेली. त्यातली निम्म्याहून अधिक महिलांच्या नावावर आहेत.

या जाळ्याची खरी परीक्षा टाळेबंदीत झाली. एप्रिल ते जून २०२० या तीन महिन्यांत सुमारे २० कोटी महिलांच्या जनधन खात्यांवर दरमहा ५०० रुपये टाकले गेले. बँकेत गर्दी होऊ नये म्हणून खाते क्रमांकाच्या शेवटच्या आकड्यानुसार तारखा वाटून दिल्या होत्या: शून्य किंवा एक असेल तर ३ एप्रिल, दोन किंवा तीन असेल तर ४ एप्रिल. पाचशे रुपये थोडे होते. पण सगळे ठप्प असताना ते पोहोचवता आले, ते आधी उघडलेल्या खात्यांमुळेच.

दोन अभ्यास इथे लक्षात घेण्यासारखे आहेत. आंध्र प्रदेशात रोजगार हमी आणि पेन्शनचे पैसे अंगठ्याच्या ठशावर देणारी स्मार्टकार्डे आली, तेव्हा कार्तिक मुरलीधरन, पॉल नीहॉस आणि संदीप सुखटणकर यांनी त्याचा मोठा अभ्यास केला. मजुरी लवकर मिळू लागली, ती मिळवण्यासाठी लागणारा वेळ वाचला आणि गळतीही घटली. पण तिथली व्यवस्था पाहा. पैसे वाटणारी बाई त्याच गावातली, बचत गटातली असावी, असा नियम होता. आणि कार्ड नाही किंवा ठसा येत नाही म्हणून पैसे नाकारण्याचा आग्रह धरला गेला नाही.

दुसरा अभ्यास उत्तर मध्य प्रदेशातला, रोहिणी पांडे, एरिका फील्ड आणि सहकाऱ्यांचा. काही गावांत बायकांना फक्त खाती उघडून दिली. काही गावांत रोजगार हमीची मजुरी पतीच्या खात्याऐवजी त्यांच्या स्वतःच्या खात्यावर टाकली आणि खाते कसे वापरायचे हे शिकवलेही. नुसते खाते मिळालेल्यांच्या तुलनेत या दुसऱ्या गटातल्या बायका सरकारी आणि खासगी दोन्ही कामांवर अधिक जाऊ लागल्या. खाते तिचे, पैसा तिचा आणि ते हाताळण्याची माहितीही तिची, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तेव्हा फरक पडला.

टेलचे पाणी

धरण भरले आणि मुख्य कालवा दुथडी वाहू लागला तरी टेलच्या शेतकऱ्याचे रान कोरडे राहू शकते, हे महाराष्ट्राला सांगायला नको. डीबीटीचे तेच झाले आहे. मुंबई-दिल्लीहून खात्यापर्यंतचा कालवा उत्तम बांधला. खात्यापासून हातापर्यंतची चारी मात्र कच्ची राहिली.

शाखा तालुक्याला किंवा मोठ्या गावाला. तिथे जायचे तर एक दिवसाची मजुरी बुडते आणि भाडे वेगळे. म्हणून गावात बँक मित्र किंवा ग्राहक सेवा केंद्र. तिथे यंत्रावर अंगठा ठेवून एका वेळी १०,००० रुपयांपर्यंत काढता येतात. पण मेळघाट-गडचिरोलीच्या दुर्गम भागात रेंज नसते. विटा वाहून, भात लावून, भांडी घासून झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्राला पटत नाही. कधी व्यवहार फसतो आणि रोख न देताच खात्यातून रक्कम वजा होते. कधी बँक मित्राकडेच रोकड नसते, तर कधी तो प्रत्येक काढणीमागे दहा-वीस रुपये ठेवून घेतो. तसे घेणे नियमाविरुद्ध आहे. पण प्रत्येक व्यवहारावर त्याला मिळणारे कमिशन इतके तुटपुंजे असते की त्यावर दुकान चालत नाही. म्हणजे जी कट तहसीलच्या पायरीवर द्यावी लागे, ती आता यंत्रापाशी द्यावी लागते.

पैसे काढले, की पुढे काय? बहुतेक खाती हप्ता आला की त्याच आठवड्यात रिकामी होतात. गरिबाची गरज पाहता त्यात चूक काही नाही. पण २०१७ च्या फिंडेक्स पाहणीत भारतातली ४८ टक्के खाती वर्षभर वापरलीच गेली नव्हती. हे प्रमाण नंतर बरेच उतरले, तरी जुलै २०२५ अखेर सुमारे १३ कोटी जनधन खाती, म्हणजे चारांतले जवळपास एक, निष्क्रिय होती. जनधन खात्यावर १०,००० रुपयांपर्यंत ओव्हरड्राफ्टची सोय आहे, हे किती खातेदारांना ठाऊक आहे? अडीअडचणीला त्या बाईला आजही मायक्रोफायनान्सवाला किंवा सावकारच गाठावा लागतो. ज्या बँकेत वर्षानुवर्षे तिचे पैसे येतात, ती बँक तिला कर्जासाठी ओळखत नाही.

बचतीचा हिशेब

डीबीटीमुळे किती कोटी वाचले, याचे आकडे सरकार दरवर्षी देते. ते जपून वाचायला हवेत. गॅस अनुदानाच्या ‘पहल’ योजनेवरच्या २०१६ च्या अहवालात महालेखापरीक्षकांनी दाखवून दिले, की अनुदानाचा खर्च ज्या २३ हजार कोटींहून अधिक रकमेने घटला, त्यातला मोठा वाटा तेलाच्या घसरलेल्या भावाचा होता. योजनेमुळे झालेली बचत दोन हजार कोटींहूनही कमी होती. शिवाय यादीतून कमी झालेल्या प्रत्येक नावाला ‘बोगस’ म्हणता येत नाही. बोगस नावे असतात आणि ती काढायलाच हवीत. लाडकी बहीण योजनेच्या छाननीत तर हजारो पुरुष सापडले. पण ठसा न जुळलेली म्हातारी, नावातल्या एका अक्षराने अडलेला मजूर आणि केवायसीची तारीख चुकलेली विधवा याही त्याच बचतीत धरल्या जातात.

म्हणून यशाचे माप बदलायला हवे. किती कोटी जमा केले हे सरकार सांगते. त्यातले किती, किती दिवसांत, किती हेलपाट्यांनंतर हातात पडले, आणि किती हप्ते परत गेले, हेही तालुकावार जाहीर व्हावे. बँक मित्राला जगता येईल एवढे कमिशन द्यावे आणि जादा पैसे घेतले तर कारवाई व्हावी. ठसा न आल्यास दुसरा मार्ग प्रत्येक केंद्रावर सक्तीने असावा. मदतीची रक्कम दंडापोटी कापता येणार नाही, हा तात्पुरता आदेश न राहता कायमचा नियम व्हावा.

ते होईपर्यंत वाचकांना करता येण्यासारखे बरेच आहे. घरकाम करणाऱ्या ताई, शेतावरचे मजूर, सोसायटीचे वॉचमन यांच्यापैकी कुणाचा हप्ता अडला असेल, तर ‘मायआधार’ संकेतस्थळावर त्यांचे बँक सीडिंग कुठे आहे ते पाच मिनिटांत पाहून द्या. साध्या बचत खात्यावर किमान शिलकीचा दंड बसत असेल, तर ते मूलभूत बचत खात्यात बदलून मागा. यंत्रातून रोख न मिळता रक्कम वजा झाली, तर पाच दिवसांत ती परत यायला हवी; त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. बँकेने तक्रारीला ३० दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. माहितीसाठी क्रमांक १४४४८. ज्यांना हे नियम सर्वाधिक लागतात, त्यांनाच ते कुणी सांगत नाही. आपण सांगू या.